ओल आलेल्या भिंतीला दिवाळीचा रंग नको

दिवाळीच्या आधी घराला रंग काढायची आपली रीत चांगली आहे. पण ज्या भिंतीला ओल आली आहे त्या भिंतीला दिवाळीत रंग काढू नये, असं माझं ठाम मत आहे. पावसाळ्याचे चार महिने पाणी पिऊन भिंत टम्म झालेली असते आणि नेमक्या त्याच वेळी आपण तिच्यावर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट चढवून आतलं पाणी आत कोंडून टाकतो. फेब्रुवारीत पोपडे धरतात, जुलैत काळे ठिपके उमटतात आणि ऑक्टोबरमध्ये आपण पुन्हा रंगाऱ्याला फोन करतो. रंगाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला रंगवायला बोलावलं, तो रंगवून पैसे घेऊन गेला. पाणी कुठून येतंय हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

फौजेत आयुष्य काढलेल्या वाचकांना ही सवय कुठून येते ते सांगायला नको. 'जे हलेल त्याला सलाम, जे हलणार नाही त्याला चुना' हा विनोद प्रत्येक युनिटमध्ये आहे. जनरल साहेबांचं इन्स्पेक्शन ठरलं की झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना, रस्त्याकडेच्या दगडांना चुना, आणि बॅरेकच्या ज्या कोपऱ्यात पोपडे निघालेत तिथे दोन हात जास्त. साहेब जीपमधून उतरतात तेव्हा सगळं झकपक. मराठीत 'चुना लावणे' या शब्दांना दुसरा अर्थही आहे, तो इथे चपखल बसतो.

तरी चुन्याची बाजू मांडली पाहिजे, कारण बिचाऱ्याची बदनामी जास्त झाली आहे. चुना तीव्र अल्कधर्मी असतो, त्यामुळे ताज्या चुन्यावर बुरशी सहजी धरत नाही. शिवाय त्यातून वाफ आरपार जाते, म्हणजे भिंत सुकू शकते. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या आजोळच्या घराला दरवर्षी चुना लागायचा. भिंती ओबडधोबड होत्या, हाताला पांढरं लागायचं, पण पोपड्यांच्या पापड्या मी तिथे पाहिल्या नाहीत. आज आपण भिंतीला जे लावतो ते बहुतेक वेळा प्लास्टिकचं आवरणच असतं. सुक्या भिंतीवर ते उत्तम, धुता येतं, दिसतं छान. ओल्या भिंतीवर मात्र त्याचा रेनकोट होतो आणि पाणी रेनकोटच्या आतल्या बाजूला असतं.

आता आमच्या घराविषयी. आमचं घर भिलाईला, नेहरू नगरमध्ये आहे. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार होऊन भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहायला लागला, १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि भंडारा, नागपूर, बालाघाटकडची कितीतरी घरं इकडे आली. तसं मराठी माणसाला छत्तीसगड नवं नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल रतनपूरपर्यंत होता आणि १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख नागपूर राजधानी असलेल्याच प्रांतात होता. बाबा कारखान्यात होते. सेक्टरच्या क्वार्टरमध्ये आमचं बालपण गेलं आणि १९९६ मध्ये बाबांनी नेहरू नगरला स्वतःचं घर बांधलं. मी तेव्हा शाळेत होतो, पुढे खडकवासल्याला एनडीएत गेलो आणि तेव्हापासून या घरात पाहुण्यासारखाच येतो-जातो.

इथला छत्तीसगढी शेतकरी मातीला नावं देतो: भाठा, मटासी, डोरसा, कन्हार. भाठा म्हणजे मुरमाड, पाणी सोडून देणारी. कन्हार म्हणजे काळी, चिकण, पाणी धरून ठेवणारी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. भाताला कन्हार सोन्यासारखी, घराच्या पायाला तेवढीच तापदायक. वर्षाकाठी सुमारे बाराशे मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आमचा प्लॉट कन्हारवर आहे. जोत्याभोवतीची माती चार महिने स्पंजासारखी भरलेली असते, हे ज्याला माहीत आहे त्याला भिंतीच्या खालच्या दोन फुटांत लोणा का लागतो ते वेगळं सांगावं लागत नाही. विटेच्या बारीक छिद्रांतून पाणी वर चढतं, जसं कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढतं. वाटेत मातीतले क्षार घेऊन येतं, पृष्ठभागावर पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. तो पांढरा भुगा म्हणजे लोणा. तो गिलाव्याच्या आत फुगतो आणि गिलावा ढकलून पाडतो.

आई-बाबांच्या बेडरूमची पूर्वेकडची भिंत गेली काही वर्षं अशी होती. खाली लोणा आणि वर कपाटामागे काळी-हिरवी बुरशी. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. पावसाळ्यात रात्री खोकला, पहाटे छातीत घरघर, दिवसा बाहेरच्या ओट्यावर बसले की बरं. दोन वेळा औषधं बदलली, पंप बदलला. बेडरूमची भिंत कशी आहे, हे तपासताना कुणी विचारलं नाही. आपल्याकडे ते विचारत नाहीत. वय झालं, हवा बदलली, थंड खाल्लं, एवढ्यावर भागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी या एकाच विषयावर मार्गदर्शक पुस्तक काढलं. ओलसर, बुरशी आलेल्या घरात राहणाऱ्यांना श्वसनाच्या तक्रारी, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दम्याचा त्रास वाढण्याचा धोका जास्त असतो, हा त्याचा निष्कर्ष आहे. उपाय म्हणून ते पुस्तक आधी पाण्याकडे बोट दाखवतं: ओलच होऊ देऊ नका.

इंग्लंडमध्ये या गोष्टीसाठी कायदा व्हावा लागला, तोही एक मूल गेल्यावर. रॉचडेल इथे डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा श्वसनाच्या विकाराने गेला. घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्यामुळे हे झालं, असा निर्णय कॉरोनरने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला. वडील २०१७ पासून तक्रार करत होते. घर भाड्याने देणाऱ्या संस्थेकडून त्यांना मिळालेलं उत्तर होतं: वरून रंग मारा. त्या मुलाच्या नावाचा कायदा २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला, म्हणजे आपली दिवाळी सरता सरता. गंभीर ओल-बुरशीची तक्रार आली की सामाजिक घरांच्या मालक संस्थेने दहा कामकाजाच्या दिवसांत तपास करायचा आणि धोका आढळला तर पुढच्या पाच कामकाजाच्या दिवसांत घर सुरक्षित करायचं. आपल्याकडे असा कायदा नाही आणि बहुतेक घरं स्वतःचीच आहेत. म्हणजे तपास करणारे अधिकारीही आपणच.

ऑगस्टमध्ये दहा दिवसांची कॅज्युअल लीव्ह मिळाली तेव्हा मी तो तपास केला. ॲकॅडमीत शिकवलेली 'अप्रीसिएशन' अशा वेळी उपयोगी पडते: शत्रू किती आहे यापेक्षा तो कुठल्या वाटेने येतोय ते आधी. बेडरूमच्या भिंतीला पाणी चार वाटांनी येऊ शकतं. खालून जोत्यातून, बाहेरून भेगा आणि छज्ज्यातून किंवा वरून गच्चीतून, मागच्या बाथरूमच्या नळातून, आणि खोलीतल्या हवेतून. चौथी वाट लोक मोजतच नाहीत.

तपासाला लागलं काय, तर स्वयंपाकघरातलं ॲल्युमिनियम फॉइल आणि टेप. फूटभर चौकोनी तुकडे भिंत पुसून चिकटवले, चारही कडा टेपने बंद केल्या. एक फरशीपासून फूटभर उंचीवर, एक कपाट सरकवून त्यामागे डोक्याच्या उंचीवर. दोन दिवसांनी काढून बघितलं. खालच्या फॉइलच्या भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब होते, म्हणजे पाणी भिंतीतून येत होतं. वरच्याची भिंतीकडची बाजू कोरडी आणि खोलीकडची बाजू ओलसर, म्हणजे पाणी हवेतलं होतं. एकाच भिंतीला दोन वेगळे आजार, आणि इतकी वर्षं दोन्हींवर एकच औषध: वॉटरप्रूफ पुट्टी. बाथरूमसाठी रात्री टाकीची पातळी खडूने मांडून सगळे नळ बंद ठेवले. सकाळी पातळी तेवढीच होती, त्यामुळे ती वाट बाद झाली.

खालच्या ओलीचं कारण घराबाहेर होतं. भिंतीला लागून आईचा फुलांचा वाफा, रोज संध्याकाळी पाणी. त्याच्या पुढे पेव्हर ब्लॉक, तेही मागच्या खेपेला जुन्या फरशीवरच टाकलेले, त्यामुळे अंगण जोत्याच्या जवळपास पातळीला आलेलं. जोत्यावर ओल अडवायला जो थर टाकतात, ज्याला मिस्त्री डीपीसी म्हणतात, त्याच्या वरपर्यंत बाहेरची माती आणि गिलावा पोचला की तो थर असून नसल्यासारखा. पाणी त्याला वळसा घालून आत येतं. हे दृश्य नेहरू नगरपुरतं नाही. तुमच्या गावीही रस्ता दर डांबरीकरणाला चार बोटं चढत असेल आणि घरं तेवढीच खाली जात असतील. वाफा काढून दोन फूट लांब नेला, ब्लॉक उचलून सहा इंच खाली बसवले आणि उतार भिंतीपासून बाहेर दिला. मजूर दोन, दिवस तीन. रंगाच्या एका खेपेपेक्षा खर्च कमी आला.

वरच्या बुरशीचं कारण होतं कूलर. विदर्भात आणि छत्तीसगडात घर म्हटलं की खिडकीला कूलर असतोच. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याच्यासारखा मित्र नाही. पण पाऊस सुरू झाल्यावर बाहेरची हवाच भिजलेली असते. तेव्हा कूलर गार काही करत नाही, फक्त खोलीत पाणी भरतो. तरी तो ऑगस्टपर्यंत चालतो, कारण सवय. त्यात डासांसाठी खिडक्या बंद आणि लाकडी कपाट भिंतीला टेकलेलं. तीनशे-चारशे रुपयांचा आर्द्रतामापक आणून कपाटामागे ठेवला, तो अठ्ठ्याऐंशी टक्के दाखवत होता. बुरशीला वाहतं पाणी लागत नाही. भिंतीलगतची आर्द्रता ऐंशीच्या वर काही दिवस राहिली आणि थोडी धूळ असली की तिचं भागतं. ज्या हवेत पापड तासाभरात सादळतो, त्या हवेत भिंतही सादळतेच.

हवेतल्या पाण्याचा धडा मला लडाखमध्ये मिळाला. तिथे पाऊस नाही, जमीन कोरडी ठाक, तरी शेल्टरच्या आतल्या भिंतींवर सकाळी बर्फाचा पापुद्रा. ते पाणी आमचंच होतं. दोन माणसं रात्रभर झोपली की श्वास आणि घामातून अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. आम्ही आठ जण होतो. शिवाय एक लिटर रॉकेल जळलं की जवळपास लिटरभर पाण्याची वाफ तयार होते. गार भिंतीवर ती सगळी जमायची, थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तशी. तेजपूरला उलटी तऱ्हा. तिथे जुने साहेब लोक कपाटात चाळीस वॅटचा बल्ब लावून ठेवायचे, नाहीतर महिन्याभरात बेल्ट-बुटांवर पांढरी लव आणि कॅमेऱ्याच्या भिंगात जाळी. तो बल्ब म्हणजे खुळचटपणा वाटायचा, पण त्यामागचा हिशोब बरोबर आहे. बंद जागेतली हवा दोन-चार अंश गरम झाली की तिची आर्द्रतेची टक्केवारी खाली येते.

बेडरूममध्ये मग मोठं काही करावं लागलं नाही. कपाट भिंतीपासून चार इंच पुढे आलं, पाऊस सुरू झाल्यावर कूलर बंद करून झाकायचा असं ठरलं, खिडक्यांना जाळ्या बसवल्या म्हणजे समोरासमोरच्या दोन्ही उघडता येतील. यातही तारतम्य लागतं. झड लागलेली असताना खिडक्या उघडून काही सुकत नाही. दुपारी उघडीप पडली की उघडायच्या. खरी संधी ऑक्टोबरनंतर येते, तेव्हा हवा कोरडी होते आणि तीच भिंतीला सुकवते, तीही फुकट.

आणि इथेच दिवाळी आडवी आली. लोणा लागलेला गिलावा आम्ही ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत खरवडून काढला होता, विटा उघड्या होत्या. आईचं म्हणणं, "लक्ष्मीपूजनाला घरात अशी भिंत? लोक काय म्हणतील?" तिचं चुकीचं नाही. सणाला घर नीटनेटकं असावं, हे तिने पन्नास वर्षं पाळलं आहे. ओळखीचा पेंटरही तिच्या बाजूने होता: "भैया, सीलन तो रहती ही है. पुट्टी मार देते हैं, दिवाली निकल जाएगी." दिवाळी निघून जाईल, हे अगदी खरं होतं, प्रश्न जानेवारीचा होता. जाणकारांचा ढोबळ हिशोब असा की भिजलेली भिंत महिन्याला साधारण एक इंच सुकते. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी सुकली तरी साडेचार-पाच महिने. ऑक्टोबरपासून मोजा, मार्च येतो. आतून पुट्टीने वाट बंद केली तर पाणी थांबत नाही, ते आणखी वर चढतं आणि दोन फुटांची रेषा साडेतीन फुटांवर जाते. शेवटी बाबांनी निकाल दिला: "भिंत राहू द्या उघडी. दिवे बाकीच्या घरात लावा." आईने त्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि उंबऱ्यात रांगोळी काढली.

आता ठरलं आहे ते असं. होळीनंतर पुन्हा फॉइल लावून बघायचं, कोरडं निघालं तर चुना मिसळलेला गिलावा आणि वाफ आरपार जाऊ देणारा रंग, अक्तीच्या आत. छत्तीसगडात अक्षय्य तृतीयेला अक्ती म्हणतात; शेतकऱ्याचं नवं वर्ष तिथून सुरू होतं. घराच्या डागडुजीलाही तोच मुहूर्त योग्य, कारण पुढे पाऊस. गिलाव्यावर पाणी मारायला मात्र कंजूषी करू नका. आमच्याकडे जामुलला सिमेंट कारखाना, झोतभट्टीची मळी मिसळलेलं स्लॅग सिमेंट सगळीकडे मिळतं आणि ते चांगलं असतं. पण ते सावकाश पक्कं होतं, त्याला जास्त दिवस पाणी लागतं. दोन दिवस पाणी मारून तिसऱ्या दिवशी पुट्टी, ही घाई भिंत पुढे दहा वर्षं वसूल करते.

बुरशी साफ करायची असेल तर कोरड्या ब्रशने घासू नका. तिचे कण खोलीभर उडतात आणि ज्याच्यासाठी साफ करतोय त्याच्याच छातीत जातात. तोंडाला मास्क, हातमोजे, साबणाच्या पाण्याने ओलं फडकं, आणि वृद्ध माणसं व मुलं त्या वेळी दुसऱ्या खोलीत. ब्लीच वापरलंच तर खिडक्या उघड्या ठेवून, आणि बाथरूमच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात खंदकांत सोडला तोच.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. खालच्या भिंतीची ओल सवडीने सुकवता येते, छताची नाही. स्लॅबला किंवा बीमला तांबूस डाग आणि त्यालगत सरळ रेषेत भेग दिसली तर आतली सळई गंजते आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. तिथे फॉइल-बिइल ठेवून द्या आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. कोचीच्या वैट्टिला भागातले चंदर कुंज आर्मी टॉवर्स आपल्यापैकी अनेकांना माहीत आहेत. फौजी आणि निवृत्त फौजींसाठी बांधलेली ही घरं. काँक्रीटमध्ये क्लोराइड, सळयांना गंज, आणि शेवटी फेब्रुवारी २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने बी आणि सी हे दोन टॉवर पाडून पुन्हा बांधायचा आदेश दिला. दोनशेवर कुटुंबांचा प्रश्न. आयुष्यभराची पुंजी घरात घातलेल्या माणसाला छताच्या डागाकडे रंगाचा प्रश्न म्हणून बघणं परवडत नाही.

आपण फौजी लोक घर घेतो ते बहुधा रजेत. रजा मिळते हिवाळ्यात किंवा मुलांच्या सुट्टीत, म्हणजे घर सगळ्यात कोरडं असतं तेव्हा. मग टोकन देतो, चावी घेतो, काळ्या ट्रंका एका खोलीत भिंतीला लावून ठेवतो आणि दोन-तीन वर्षं घर बंद. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले माझे दोन कोर्समेट सध्या नागपूर आणि पुण्याला घर बघतायत. त्यांना सांगितलं तेच इथे सांगतो. घर बघायला ऑगस्टमध्ये जा, कॅज्युअल लीव्ह गेली तरी चालेल. आधी बाहेरून फिरा आणि अंगण जोत्यापेक्षा किती खाली आहे ते बघा. आत गेल्यावर कपाट सरकवायला सांगा, लाजू नका. बाथरूमच्या मागच्या भिंतीला तळहात लावा. आणि मालकाने नुकताच फक्त एका खोलीला रंग काढला असेल, तर त्या खोलीत दार लावून पाच मिनिटं उभे राहा आणि कुबट वास येतो का बघा.